स्प्रेडर बीम दाबाखाली वाकू नये म्हणून काय करावं? आयएसएमबी की पाइप?

सिन्नर_फॅब
मंडळी, एका आडव्या प्रेशर व्हेसलसाठी स्प्रेडर बीम (उचलताना स्लिंग एकमेकांपासून दूर ठेवणारा आडवा दांडा) बनवायचा आहे. व्हेसल २० टनांचं, वरचे दोन लग (उचलण्यासाठी भोक असलेल्या प्लेटा) एकमेकांपासून ६ मीटरवर. मुसळगावच्या यार्डात टेलिस्कोपिक क्रेनने उचलून ट्रेलरवर ठेवायचं. हुकातून दोन स्लिंग बीमच्या टोकांना, आणि टोकांखालून सरळ उभे दोन स्लिंग व्हेसलच्या लगला. वरच्या स्लिंगचा कोन आडव्यापासून ६० अंश.

यार्डात आयएसएमबी २०० (२०० मिमी उंचीचा आय आकाराचा बीम) पडून आहे, लांबी पुरते. तो वापरावा की पाइप आणावा? आणि बीमला मध्यावर आधार हवा असेल तर हुकातून एक साखळी मध्यावर बांधली तर चालेल का?

आयएस_आठशे
आधी बीमवर येणारा जोर काढू. प्रत्येक टोकाला उभा भार १० टन. ६० अंशाला आडवा घटक १० भागिले टॅन ६०, म्हणजे ५.७७ टन, सुमारे ५६.६ किलोन्यूटन. एवढा निव्वळ दाब बीमच्या लांबीतून जातो. उचलतानाच्या हिसक्यासाठी १.२५ आणि भाराचा गुणक १.५ धरला तर १०६ किलोन्यूटन.

आता आयएसएमबी २००. त्याचा आडव्या दिशेचा आर (गायरेशन त्रिज्या, वाकण्याला विरोध किती ते सांगणारं माप) फक्त २१.५ मिमी. ६००० भागिले २१.५ म्हणजे बारीकपणा २७९. आयएस ८००:२००७ (पोलादी बांधकामाचा भारतीय कोड) मध्ये कायम भार घेणाऱ्या दाबाच्या मेंबरला मर्यादा १८० ची आहे, म्हणजे इथेच हिशेब थांबायला हवा. तरी पुढे काढला तर क्षमता साधारण ६७ किलोन्यूटन येते. मागणी १०६. नापास.

१५० एनबी शेड्यूल ४० (पाइपचा नाममात्र व्यास आणि जाडीचा वर्ग) पाइप घ्या: बाहेरचा व्यास १६८.३, जाडी ७.११, आर ५७ मिमी, बारीकपणा १०५. यील्ड (ज्या ताणाला लोखंड कायमचं वाकतं तो) २४० न्यूटन प्रति चौ. मिमी धरून क्षमता सुमारे ३९० किलोन्यूटन. पाइपचं वजन मीटरला २८ किलो, आयएसएमबीचं २५ च्या आसपास. मीटरला तीन किलो जास्त लोखंडात जवळपास सहापट ताकद मिळते, कारण पाइपला कमजोर बाजूच नाही.

गोदाकाठ
आयएसएमबी आडवा पाडून वापरला तर? म्हणजे वेब (मधली पट्टी) आडवं, फ्लँज (दोन कडांच्या रुंद पट्ट्या) उभे. मग आडव्या दिशेला मजबूत होईल ना?

आयएस_आठशे
@गोदाकाठ, आडव्या दिशेला होईल, पण मग कमजोर बाजू उभी होते आणि बीम खाली झोळ काढून वाकेल. त्यात स्वतःचं वजनही त्याच दिशेने ओढतं, म्हणजे वाकायला सुरुवातीपासूनच निमित्त मिळतं. दाबाचा मेंबर नेहमी सर्वांत कमी आर असलेल्या दिशेलाच जातो, तुम्ही कसाही फिरवा.

रिगर_दादा
साखळीचं सांगतो, कारण हा प्रश्न सगळीकडे विचारला जातो. हुकातून मध्यावर येणारी साखळी उभी असते. ती बीमला खाली जाऊ देत नाही, एवढंच. आडवं सरकायला तिचा विरोध नगण्य: मधला भाग बाजूला ५० मिमी गेला तरी पाच मीटर लांबीची साखळी फक्त जराशी तिरकी होते. आयएसएमबीचं बकलिंग (दाबाने अचानक बाजूला वाकणं) नेमकं आडवं होतं, तिथे साखळी फक्त बघत बसते.

वर एक धोका वेगळाच. दोनऐवजी तीन धागे झाले की लांबीत १०-१५ मिमीचा फरकसुद्धा भाराचं वाटप बदलतो. साखळी आखूड पडली तर ती बीमचा मध्य उचलून धरते, तोच बीम मध्यावर वाकायला लागतो आणि हिशेब पूर्ण बदलतो. साखळी विसरा.

पाथर्डी_फाटा
मग मधला आडवा आधार देणार तरी कोणाला टेकवून? बीम हवेत आहे, भिंत नाही, खांब नाही.

रिगर_दादा
@पाथर्डी_फाटा, बरोबर मुद्दा. टेकायला काही नाही म्हणूनच बाहेरून आधार ही कल्पना सोडायची. जो काही आडवा कडकपणा लागतो तो बीमच्या सेक्शनमध्येच असायला हवा: पाइप, बॉक्स, किंवा दोन चॅनल एकमेकांपासून दूर ठेवून लेसिंग (तिरक्या पट्ट्यांनी जोडणं). टॅगलाइन (भाराला बांधलेला दोर) धरणारा माणूस म्हणजे आधार नाही, तो फक्त भार फिरू देत नाही.

वेल्ड_अंबड
टोकांना जाड एंड प्लेट फुल पेनिट्रेशनने वेल्ड करतो आपण. मग टोकं फिक्स धरून परिणामी लांबी ०.६५ एल घेता येईल ना? बारीकपणा एका झटक्यात उतरतो. आयएसएमबीसुद्धा १८१ वर येतो.

आयएस_आठशे
@वेल्ड_अंबड, नाही. एंड प्लेट फिक्स आहे, पण कशाला? पलीकडे शॅकल (पिन असलेली जोडकडी) आणि दोर आहे. शॅकल पिनवर फिरतो, दोर कसाही वळतो, टोकाचं फिरणं कोणीच अडवत नाही. के (परिणामी लांबीचा गुणक) = १.० च घ्या, दोन्ही दिशांना. फिक्स टोक म्हणजे पलीकडचा भाग बीमपेक्षा कडक असायला हवा.

उलट एक चांगली गोष्ट: दोन्ही टोकांची ओढ एकाच हुकाकडे जाते, त्यामुळे टोकं आडवी भरकटत नाहीत, फार तर पूर्ण बीम लोलकासारखा झुलतो. म्हणून १.० पेक्षा जास्तही घ्यावं लागत नाही, फक्त लग आपल्या पातळीत कडक हवेत.

दिंडोरी_स्टील
पण ३९० म्हणजे मागणीच्या साडेतीनपट! एवढा पाइप कशाला? १०० एनबी शेड्यूल ४० पण बघा: आर ३८.४, बारीकपणा १५६, क्षमता मला १२० च्या आसपास येते. १०६ ला पुरतो. वजन मीटरला १६ किलो, दोन माणसं उचलतील.

लग_ताई
@दिंडोरी_स्टील, तुमचा हिशेब चुकला नाहीये, पण तो जोर पाइपच्या बरोबर मध्यरेषेतून जातो असं धरून आहे. प्रत्यक्षात वरच्या शॅकलचं भोक मध्यरेषेच्या वर असतं. १०० एनबीचा अर्धा व्यास ५७ मिमी, त्यावर भोकाभोवती मटेरियल आणि शॅकल फिरायला जागा धरली तर भोक मध्यरेषेपासून १२० मिमी वर जातं. दाब ५६.६ किलोन्यूटन गुणिले ०.१२ मीटर म्हणजे ६.८ किलोन्यूटन-मीटर मोमेंट, तोही पूर्ण लांबीभर सारखा. त्याच गुणकांनी वाढवला की १२.७. या पाइपचा झेड (सेक्शन मॉड्युलस, मोमेंटला यानेच भागून ताण निघतो) ५२.७ घनसेंमी. नुसत्या वाकण्याचा ताण २४० च्या पुढे जातो, म्हणजे दाब धरायच्या आधीच यील्ड संपलं.

आणि १५० एनबी सुद्धा तुम्हाला वाटतो तेवढा आरामात नाही. भोक १५० मिमी वर असेल तर मोमेंट ८.५, गुणकांसह १५.९. झेड १३९ घनसेंमी, ताण ११४. त्यात स्वतःच्या वजनाचा १७ मिळवा, दाबामुळे मोमेंट २० टक्के फुगतो तो धरा, आणि दाबाचा हिस्सा १०६ भागिले ३९३. क्षमतेच्या किती हिस्सा वापरला याची ढोबळ बेरीज जवळपास १.० वर, म्हणजे मर्यादेवर येते. साडेतीनपट क्षमता म्हणत होतात, ती सगळी लगच्या उंचीने खाल्ली.

सिन्नर_फॅब
ताई, हे लक्षातच नव्हतं. मग लग खाली घ्यायचा की पाइप मोठा करायचा?

लग_ताई
दोन्ही न करता एक सोपा मार्ग आहे. खालचं भोक वरच्या भोकाच्या बरोबर खाली ठेवू नका, थोडं बाहेर सरकवा.

कारण असं. वरच्या भोकातली तिरकी ओढ मध्यरेषेच्या वर लागते, त्यामुळे बीमच्या वरच्या कडेला जास्त दाब येतो आणि मध्य खाली झुकतो. खालचा भार वरच्या भोकापेक्षा बाहेर टांगला तर तो टोक खाली ओढून मध्य वर उचलतो. दोन्ही मोमेंट एकमेकांना मारतात. शून्य होण्याची अट: वरच्या स्लिंगची रेघ खाली वाढवली आणि खालच्या स्लिंगची उभी रेघ वर वाढवली, तर दोन्ही पाइपच्या मध्यरेषेवर भेटायला हव्यात.

सरकवायचं अंतर = वरच्या भोकाची मध्यरेषेपासून उंची भागिले टॅन कोन. ६० अंशाला १५० × ०.५७७ = ८७ मिमी. तुमचं ६ मीटर हे खालच्या भोकांमधलं अंतर, तर वरच्या भोकांमधलं ६००० − १७४ = ५८२६ मिमी. एवढं केलं की वरची बेरीज ०.४ च्या खाली येते, त्याच पाइपमध्ये. ड्रॉइंगवर तीन रेघा एका बिंदूत भेटताना दाखवा म्हणजे शॉपमध्ये कोणी भोकं एका ओळीत आणणार नाही.

पाथर्डी_फाटा
पण मग कोन ४५ झाला तर?

लग_ताई
मग संतुलन बिघडतं. ४५ ला आडवा घटक १० टन, म्हणजे ९८ किलोन्यूटन. वरचा मोमेंट ९८ × ०.१५, खालचा ९८ × ०.०८७, उरतो ६.२ किलोन्यूटन-मीटर. आणि दाबही पावणेदोनपट झालेला. म्हणून भोकाचं अंतर एका कोनासाठी ठरतं आणि तो कोन बीमवर लिहावा लागतो.

रिगर_दादा
कोनावरून सांगायलाच हवं, कारण साइटवर गडबड इथेच होते. २० टनांना बीमवरचा दाब:
६० अंश: ५.८ टन
४५ अंश: १० टन
३० अंश: १७.३ टन
म्हणजे ६० वरून ३० वर आलात की दाब तिप्पट. व्हेसल तेच, बीम तोच, क्रेनच्या मीटरवर वजनही तेच दिसणार. ऑपरेटरला काही कळणार नाही.

लक्षात ठेवायला: वरच्या भोकांमधलं अंतर जेवढं, तेवढाच वरचा प्रत्येक स्लिंग लांब, की त्रिकोण समभुज होऊन ६० अंश मिळतात. स्लिंग त्या अंतरापेक्षा आखूड दिसला की काम थांबवायचं. कोन मोजायला यंत्र लागत नाही.

किंमत उंचीत मोजावी लागते. समभुज त्रिकोणाची उंची ५.८२६ × ०.८६६, म्हणजे ५ मीटरच्या पुढे, त्यावर शॅकल, खालचे स्लिंग आणि व्हेसलची स्वतःची उंची. बूमची लांबी आणि त्या त्रिज्येवरची क्षमता आधी लोड चार्टवर बघा. उंची पुरत नाही म्हणून ऐनवेळी स्लिंग आखूड करणं हाच सगळ्यात वाईट उपाय.

एमआयडीसी_सातपूर
आमच्याकडे शेडमध्ये ईओटी क्रेन (वरच्या रुळांवर चालणारी), हुकाखाली उंचीच नाही. तिथे स्प्रेडर कसा बसवणार? लिफ्टिंग बीम वापरतो: मध्यावर एक लग, टोकांना खाली दोन. ५ टन, ४ मीटर. आयएसएमबी ३००. वरच्या फ्लँजला १० मिमीचा पट्टा वेल्ड केलाय बकलिंगसाठी.

आयएस_आठशे
@एमआयडीसी_सातपूर, पट्टा चुकीच्या फ्लँजला आहे. मध्यावर टांगून टोकांना भार दिला की दोन्ही बाजू कँटिलिव्हर होतात. वरचा फ्लँज ताणात, खालचा दाबात. बकलिंग खालचा फ्लँज करणार. साध्या बीमची सवय असते म्हणून हात आपोआप वर जातो.

मोमेंट ५ × ४ भागिले ४ = ५ टन-मीटर, ४९ किलोन्यूटन-मीटर. आयएसएमबी ३०० चा झेड ५७३.६, ताण ८५. ताणाच्या हिशेबात ठीक. पण बाजूच्या दिशेचा आर २८.४ मिमी, ४ मीटरला १४१, म्हणजे आडवं वळून पिळलं जाण्याचा हिशेब वेगळा करायलाच हवा. आणि कोडमधलं नेहमीचं सूत्र टोकं पिळण्यापासून अडवलेली धरतं. टांगलेल्या बीमची टोकं कोणी अडवलेली नसतात. परदेशी कामांना एएसएमई बीटीएच-१ (उचलण्याच्या साधनांचं अमेरिकन मानक) मागतात, त्यात टांगलेल्या बीमची ही बाब वेगळी विचारात घेतली जाते, आणि कॅटेगरी बी ला नाममात्र डिझाइन फॅक्टर ३ आहे.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे: टांगणीचा बिंदू वरच्या फ्लँजच्या वर आणि भार खालच्या फ्लँजच्या खाली असेल तर गुरुत्व बीमला सरळ करायला बघतं. म्हणून वरचा लग थोडा उंच असणं इथे फायद्याचं. स्प्रेडरमध्ये तीच उंची नडते, वर ताईंनी दाखवलं तसं.

वेल्ड_अंबड
त्या वरच्या लगची दिशाही बघा. लगची प्लेट वेबच्या रेषेत हवी, आडवी नको. वेबच्या दोन्ही बाजूंना स्टिफनर प्लेट, वरपासून खालपर्यंत. नाहीतर जोर फ्लँजवर येतो, फ्लँज वाकतो आणि वेल्डची मुळं उघडतात.

दिंडोरी_स्टील
चार लगचे टँक उचलायला आम्ही आयताकृती फ्रेम करतो. वायनरीचे उभे स्टेनलेस टँक. दोन लांब बीम, मध्ये एक आडवा तुकडा वेल्ड करतो म्हणजे लांब बीमची लांबी अर्धी होते. हे तर चालतं ना?

रिगर_दादा
@दिंडोरी_स्टील, होत नाही अर्धी. दोन्ही लांब बीम एकाच दिशेला बाक काढतात आणि मधला तुकडा त्यांच्यासोबत सरळ सरकतो. त्याने दोघांमधलं अंतर कायम राहिलं, जागा नाही. दोन मित्र हातात हात घालून एकत्र पडल्यासारखं.

फ्रेममध्ये कर्ण हवेत. आयताला आडव्या पातळीत तिरके अँगल टाका, मधल्या आडव्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना. मग मधला बिंदू कोपऱ्यांना बांधला जातो आणि लांबी खरोखर अर्धी धरता येते. कर्ण किती जोराचे हवेत? अडवायच्या मेंबरमधल्या दाबाच्या २.५ टक्के आडवा जोर धरायची पद्धत आहे. जोर छोटा आहे, ५० × ५० × ६ अँगल सहसा पुरतो, पण तो हवाच.

पाथर्डी_फाटा
लांब प्रीकास्ट गर्डर दोन तिरक्या स्लिंगने थेट उचलतात तेव्हा हाच दाब गर्डरमध्येच जातो का?

रिगर_दादा
हो, गर्डरमध्येच, आणि वरच्या बाजूला. अरुंद लांब गर्डर तेवढ्याने आडवा वाकतो, पिळतो. म्हणून तिथे स्प्रेडर लावून स्लिंग उभे करतात किंवा दोन क्रेन वापरतात. मोठा विषय आहे, वेगळा धागा काढा, येतो तिथे.

चॅनलवाला
पाइप न मिळाल्यास दोन आयएसएमसी १५० (१५० मिमीचे सी आकाराचे चॅनल) तोंडाला तोंड लावून बॉक्स करा. १५० × १५० होतो. कमी दिशेचा आर ५७ च्या आसपास येतो, १५० एनबी पाइपच्याच बरोबरीने. वजन मीटरला ३३ किलो, म्हणजे जरा जड, पण चॅनल कुठल्याही यार्डात मिळतो आणि सपाट बाजू असल्याने लग लावणं सोपं.

दोन बाजूंची वेल्ड सलग करा, ठिपके ठिपके नको, पाणी आत जाऊन आतून गंजतं आणि बाहेरून दिसत नाही. वेल्डिंगमुळे बाक येऊ नये म्हणून एका कडेला ३०० मिमी, मग समोरच्या कडेला ३०० मिमी, मध्यापासून टोकांकडे.

चॅनल पाठीला पाठ ठेवून बॅटन (दोन्हीला जोडणाऱ्या आडव्या प्लेटा) लावणार असाल तर दोन बॅटनमध्ये एकट्या चॅनलचा बारीकपणा ५० पेक्षा आणि पूर्ण मेंबरच्या ०.७ पटीपेक्षा कमी ठेवा. आयएसएमसी १५० चा कमजोर आर २२ मिमी, म्हणजे बॅटन सुमारे मीटरभराच्या आत. शिवाय बॅटन असेल तर पूर्ण मेंबरचा बारीकपणा १० टक्के वाढवून धरायचा.

वेल्ड_अंबड
पाइपमध्ये लग कसा बसवावा: पाइपला वर-खाली उभी फट गॅसने कापा, ग्राइंडरने साफ करा, प्लेट आरपार घाला, चारही रेघा सलग फिलेट. नुसत्या पाइपच्या पाठीवर प्लेट चिकटवू नका, पाइपची भिंत स्थानिक दबते. टोक गोल प्लेटने बंद करा. ७०१८ वेल्डिंग रॉड ओव्हनमध्ये ३०० च्या वर तापवून वापरा. शेवटी डीपी टेस्ट (रंगाने तडे शोधण्याची तपासणी), खास करून फटीच्या टोकांना, तडा तिथूनच निघतो. गॅल्व्हनायझिंग करणार असाल तर बंद पाइपला हवा जायला भोक ठेवलंच पाहिजे, नाहीतर टाकीत स्फोट होतो.

आणि सेकंडहँड पाइप घेत असाल तर यूटी गेजने (अल्ट्रासोनिक जाडीमापकाने) जाडी मोजा, लांबीवर पाच-सहा ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी चार बाजूंनी. मध्यावर खड्डा पडलेला पाइप घेऊ नका. बकलिंगला तिथूनच सुरुवात होते.

सिन्नर_फॅब
सगळ्यांचे आभार. ठरवलंय: १५० एनबी शेड्यूल ४० नवा पाइप, खालची भोकं ६००० वर, वरची ५८२६ वर, वरचे स्लिंग वरच्या भोकांमधल्या अंतराएवढे. आयएसएमबी पॅकिंगला. शॅकल कोणते आणि टेस्ट कशी?

रिगर_दादा
वरच्या स्लिंगमधली ओढ १० भागिले साइन ६०, ११.५५ टन. बीम आणि शॅकलचं वजन धरून १२ टनी शॅकल काठावर येतो, वर १७ टनी घ्या. खाली १० टन येतो, तिथे १२ टनी चालेल. लगची जाडी शॅकलच्या जबड्याच्या पाऊण भागाएवढी, कमी असेल तर दोन्ही बाजूंना चीक प्लेट (भोकाभोवतीच्या जादा प्लेटा), म्हणजे शॅकल एका कडेला सरकून लगला आडवं वाकवणार नाही.

आयएस_आठशे
टेस्ट २५ टनांवर, म्हणजे १२५ टक्के. वजनासाठी काँक्रीटचे ब्लॉक चालतात, एक घनमीटरचा ब्लॉक साधारण २.४ टन. मात्र टेस्ट त्याच स्लिंगने, त्याच ६० अंशाला करा. जास्त उभ्या स्लिंगने केली तर बीमला खरा दाबच मिळत नाही आणि प्रमाणपत्राला अर्थ राहत नाही. भार जमिनीपासून थोडाच वर घ्या, दहा मिनिटं धरा, बीमच्या बाजूला कोणी उभं राहू नका.

बीमवर हे पंच करून लिहा: सुरक्षित भार २० टन, भोकांमधलं अंतर, वरच्या स्लिंगचा किमान कोन ६० अंश, किमान स्लिंग लांबी, बीमचं वजन, ओळख क्रमांक. २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरीज ॲक्ट १९४८ च्या कलम २९ प्रमाणे सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून किमान एकदा तपासणी लागत असे; तपासणीच्या वेळी हाच क्रमांक विचारला जातो.

सिन्नर_फॅब
सरळपणा किती मिमीपर्यंत चालेल? आणि मोजायचा कसा?

चॅनलवाला
एक हजारात एक. ६ मीटरला ६ मिमी. दोन्ही टोकांना सारखे ठोकळे ठेवून बारीक तार ताणा, मध्यावर आणि दोन्ही चतुर्थांशांवर फटीचं माप घ्या. पाइप १८० अंश फिरवून पुन्हा, नाहीतर तारेचा झोळ आणि पाइपचा बाक वेगळे करता येत नाहीत. टेस्टच्या आधी मोजून ठेवा, टेस्टनंतर त्याच खुणांवर पुन्हा मोजा. २-३ मिमीने जरी वाढला असेल तर तो बीम बाजूला काढा आणि लगची भोकं आधी तपासा.